कोराडीवाल्या मामांचे पाहुणे

कोराडीवाले मामा माणसांना सरसकट अरे-तुरे करत, स्वतःच्या सासऱ्यांनाही. डुकरांना मात्र ते 'या', 'बसा', 'सावकाश होऊ द्या' म्हणत. कुंपणापलीकडे पाटीभर संत्री ओतताना त्यांचा आग्रह ऐकून नवख्या माणसाला वाटे, आत व्याही जेवायला बसलेत.

कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्रातून निवृत्त होऊन मामा काटोलकडच्या आपल्या संत्र्याच्या बागेत राहायला आले. व्यापारी चांगला माल उचलून नेई. गळलेली, डागाळलेली संत्री नाल्याकाठी सडत. उभी नोकरी राखेत काढलेल्या मामांना ते पाहवेना. एके दिवशी ते टेम्पोतून दोन पांढरी पिल्लं घेऊन आले. "इतकं गोड फळ मातीत जाऊन राहिलं," म्हणाले, "कोणाच्या तरी पोटात जाऊ दे."

आमच्याकडे शेतकऱ्याच्या घरी डुकरं कुणी पाहिली नव्हती. विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय घरात यायचं नाही, असा मामींनी कायदा केला. मामांनी तो आनंदानं पाळला. पण शेजारच्या बागेतल्या थोरल्या मामांनी, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावानं, बोलणंच टाकलं. त्या दिवाळीला मामा नवा सदरा घालून दुपारपर्यंत ओसरीवर बसले होते. दादाकडून फराळाचं बोलावणं आलं नाही.

वाढलेली डुकरं न्यायला गाडी यायची, त्या दिवशी मामा हटकून भिवापूरला मिरच्या आणायला जात. मामी म्हणत, "जनावरं विकाले काढता अन् पाहवत नाही. मिरच्या ठेवू कुठं आता?"

पुढच्या बहाराला दोन्ही बागांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रोज गळलेल्या संत्र्यांची पाटी दिसू लागली. पाटी थोरल्या मामांची होती. मी म्हटलं, "मामा, आता तरी जाऊन बोला."

"बोलून काय होते वं? पाटी येऊनच राहिली ना," मामा म्हणाले. रिकामी पाटी ते धुऊन परत धुऱ्यावर ठेवत.

मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर नागपुरात आमच्याकडेच होते. सगळा वेळ डुकरांचा घोर. मामी तिकडे फिरकणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी मी त्यांना घरी पोचवलं, तर कुंपणाशी फळांच्या पालथ्या कॅरेटवर बसून थोरले मामा संत्री सोलत होते.

मामा वॉकर धरून तिथंच थबकले. "दादा, तू सोलून देऊन राहिला?"

"सालं थुंकून टाकतात तुह्ये पाहुणे," थोरले मामा मान वर न करता म्हणाले. "इतके दिवस तू काहून नाही सोलले?"

"मले कोणी सांगितलंच नाही," मामा म्हणाले आणि उपरण्यानं बराच वेळ तोंड पुसत राहिले. थोरल्या मामांनी दुसरं कॅरेट पालथं करून त्यांच्याकडे सरकवलं.

पुढे रोज सकाळी दोघं तिथं समोरासमोर बसत. सोलणं कमी, वाद जास्त. पाऊस, पुढारी, कुणाची संत्री गोड, काहीही चाले.

मामा गेल्या हिवाळ्यात गेले. परवा मी बागेत गेले तेव्हा थोरले मामा एकटेच सोलत होते. मदत करावी म्हणून मी समोरच्या कॅरेटवर टेकणार, तोच ते म्हणाले, "तिकडं बस वं पोरी. थे लहान्याची जागा आहे."