पहिल्या इमारतीचा एक

चंदनसारच्या आमच्या सोसायटीत नऊ इमारती आहेत. माझं काम अक्षरं काढण्याचं, फॉन्ट तयार करण्याचं. म्हणून रंगकाम झाल्यावर इमारतींचे आकडे मीच काढून द्यायचे ठरले. मी हट्टाने मराठी आकडे काढले. १ या आकड्याचं डोकं गोल, घट्ट मिटलेलं, खाली बारीक शेपूट. लोकांनी कौतुक केलं, मी खूश.

दोनेक महिन्यांनी, एका दुपारी, एक नंबरमधल्या काकूंच्या छातीत दुखायला लागलं. काकांनी रुग्णवाहिका बोलावली. मी समोरच्या इमारतीत राहते. खिडकीतून पाहिलं तर गाडी गेटातून आली आणि एक नंबरसमोरून सरळ पुढे निघून गेली. टोकापर्यंत गेली, वळली, पुन्हा एक नंबरसमोरून निघून गेली. काका अनवाणी तिच्यामागे धावत होते. मीही धावत खाली उतरले आणि गाडी थांबवली.

ड्रायव्हर परप्रांतातला, नवखा. "एक नंबर किधर है? इधर तो नौ लिखा है," असं म्हणत त्याने माझ्याच आकड्याकडे बोट दाखवलं.

मी त्याच्या डोळ्यांनी पाहिलं. माझा १ म्हणजे थेट इंग्रजी नऊ होता.

काकू वाचल्या. पण ती वाया गेलेली मिनिटं माझ्या डोक्यातून जाईनात. कामाला बसले की उठत होते. जेवताना ताटात बोटाने एक काढत होते. शेवटी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात काकांना सांगून टाकलं, "काका, चूक माझी आहे."

 ते म्हणाले, "आधी तो आकडा बदल. बाकीचं मग बोलू."

मी एकाचं डोकं उघडं केलं, शेपूट जाड करून डावीकडे वळवलं, कागदावर छापून गेटाजवळच्या खांबाला चिकटवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबून वाचायला लावलं. मराठी माणसं पटकन "एक" म्हणायची. पार्सलवाले, रिक्षावाले अडखळायचे. सांडोरहून भाजी घेऊन येणाऱ्या मावशी टोपली उतरवून म्हणाल्या, "मला कळतो गं. पण ज्याला येतच नाही, त्याला तू कितीही वळवलास तरी कसा कळणार?"

त्या संध्याकाळी मी चिडून सहा कागद फाडले. नंतर कमिटीला कळवलं: प्रत्येक पाटीवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही आकडे, सारख्याच उंचीचे, शेजारी शब्दात 'एक', 'दोन' असं. सुंदर दिसणार नाही, चालेल.

पाट्या लागल्या त्या दिवशी काका चष्मा काढून गेटापाशी उभे राहिले. डोळे बारीक करून त्यांनी दिसतील तेवढ्या इमारतींच्या पाट्या वाचल्या. पाच नंबरच्या पाटीवर अडले. "हा चार आहे का?"

"पाच, काका."

"मग परत काढ."

मी परत काढला. काकू घरी आल्या आहेत, सकाळी पॅसेजमध्ये फेऱ्या मारतात. मला पाहिलं की हात वर करतात. मी मात्र अजून कुठल्याही सोसायटीत शिरले की आधी पाट्याच वाचते. परवा विरार स्टेशनाबाहेर एका दुकानाच्या पाटीवर 'घ' की 'ध' ते कळेना, तर विचारायला आत गेले. दुकानदार म्हणाला, "काय हवंय?" मला काहीच नको होतं.