विस्तवाचा बाप

भट्टीच्या झाकणावर लोखंडी गज आपटायचा, सुपारी गालात सरकवायची आणि म्हणायचं, "टंगस्टन म्हणजे विस्तवाचा बाप. जो वितळत नाही, तो जळेल कसा?" आमच्या फोरमनचं हे रोजचं पारायण.

साकीनाक्याच्या त्या गाळ्यात आम्ही बायका बल्बसाठी टंगस्टनच्या तारेच्या गुंडाळ्या करायचो. तार केसाहून बारीक. भट्टीत तापवल्या की गुंडाळ्यांचा आकार पक्का होतो. तापलेल्या तारेला हवा लागू नये म्हणून भट्टीत गॅस सोडतात आणि ती पार गार होईपर्यंत उघडत नाहीत. आधीचा फोरमन संध्याकाळपर्यंत थांबायचा. हा घाटकोपरच्या लोहारकामातून आलेला.

"संध्याकाळपर्यंत काय भट्टीला ओवाळत बसायचं? लोखंड आम्ही लालेलाल बाहेर काढतो. वर खपली धरते. झटकली की आत माल शाबूत."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. एक काम येतं, म्हणून जगातली सगळी येतात. आम्हाला तार धरायला शिकवायचा आणि स्वतः धरली की तोडायचा. तुटली की शिवी तारेला. शेठ आले की मात्र पोट आत आणि शर्टाचं वरचं बटण बंद.

एका सकाळी त्याने गॅस बंद केला आणि तापलेली भट्टी उघडली. धूर आला. आत गुंडाळ्यांच्या जागी पिवळी पूड. त्याने ती खपलीसारखी झटकली. खाली काहीच नव्हतं. त्याने पुन्हा झटकली.

शेठ मुलुंडहून धावत आले. फोरमनची नजर आमच्यावरून फिरत, गुंडाळ्या भट्टीत भरणाऱ्या सुशीलावर थांबली.

"हिच्या हाताला डोक्याचं तेल असतं. त्यानेच पेटलं."

शेठ तिला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

सुशीला मालवणकडची. नवरा गिरणीच्या संपात घरी बसलेला, घर तिच्या पगारावर. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "शेठ, आता ह्यांकाच भट्टी भरूं देत. मी हात लावूचंय नाय. मगे बघा."

"भरतो की. त्यात काय?" फोरमन म्हणाला. त्याने साबणाने हात धुतले, आम्हाला पुढून-मागून दाखवले आणि उरलेल्या गुंडाळ्या स्वतः भरल्या. शेठ खुर्ची टाकून समोर बसले.

आता त्याला फक्त गप्प बसून राहायचं होतं. तेवढंच त्याला जन्मात जमलं नव्हतं. भट्टी तापून झाली, शेठनी घड्याळाकडे पाहिलं आणि ह्याचा हात गॅसच्या चावीवर गेला.

"थांबा ना, गार होऊ दे," आमच्यातली एक म्हणाली.

"तू तुझी चूल सांभाळ गं."

झाकण उघडलं. पुन्हा धूर, पुन्हा पिवळी पूड. शेठ उठता उठता सुशीलाला म्हणाले, "उद्या वेळेवर ये."

फोरमन भट्टीपाशी उकिडवा बसला आणि पूड चिमटीत चोळत राहिला, एखादा तुकडा तरी बोटाला कडक लागेल म्हणून. घणाचे घट्टे पडलेली ती बोटं पाहून मला त्याची कीव आली. थोडीच. सुशीलाकडे वळून एक शब्द बोलला असता, तर जास्त आली असती.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही, नंतरही कधी आला नाही. सुशीला माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने गुंडाळी सुरू केली. गाळ्यात इतकी शांतता होती, की तारेलाही आवाज असतो हे मला त्या दिवशी कळलं.