डॉक्टर पिकफर्डचं जीवनरसायन

"गूळ हाय त्यात, गूळ! सवताच्या हातानं किसून घातलासा आणि आता औषध म्हणून पिताय?" चाँदबीचा आवाज स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आला आणि तिथून थेट बोळात गेला.

"गूळ येगळा, साखर येगळी," लालासाब कॉटवर बसून शांतपणे म्हणाले. "डॉक्टरनं साखर बंद करा म्हटलंय. गुळाचं नाव तरी काढलं का त्यानं?"

"आणि ह्या?" तिनं गोळ्यांच्या तीन अख्ख्या पट्ट्या त्यांच्यापुढं आपटल्या. "छापखान्याच्या खिळ्यांच्या खणात सापडल्या. त्यो कुठला खण, ज्यात कधी कुणाचा हात जात न्हाय?"

"'ञ'चा," लालासाब बोलून गेले.

तोहिद नुकताच शोरूममधून आला होता. हेल्मेट हातातच धरून तो म्हणाला, "अब्बा, तीन पट्ट्या म्हंजे महिना झाला की ओ!"

"महिना झाला आणि मला काय झालंय? बघ की. ठणठणीत हाय."

"अम्मी," आतून सून सुहाना म्हणाली, "भाकरी टाकायची हाय. तव्यावर परत कागद वाळत घातलेत."

हे घर असं नव्हतं. लालासाब एकतीस वर्षं लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, ओळीवर ओळ रचायची, की झाली लग्नपत्रिका. उरुसाची पत्रकं, कुस्त्यांची हँडबिलं, बारशापासून बाराव्यापर्यंत सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. मग संगणक आला. मालकानं मशीन भंगारवाल्याला दिलं आणि लालासाब खिळ्यांचे चौदा खण हातगाडीवर घालून घरी आले. चाँदबीला वाटलं, माणसाला आठवण म्हणून एखादी वस्तू आणावीशी वाटते. चौदा खण म्हणजे आठवण नव्हे, बिऱ्हाड होतं. त्यानंतर चार वर्षं ते उंबऱ्यात बसून होते. बोळातून जाणाऱ्या-येणाऱ्याचं ऐकायचं आणि रिकामी बोटं एकमेकांवर घासायची.

मग आदर्श आला. चित्रनगरीत एका मालिकेचं शूटिंग चालू होतं आणि तो तिथं सेट सजवणाऱ्यांपैकी होता. गोष्ट इंग्रजांच्या काळातली. त्यात एक विलायती मालाचं दुकान होतं, आणि दुकानात माल नव्हता.

"चाचा, राणीच्या राज्यातला माल पायजे," तो म्हणाला. "साबण, केस उगवायचं तेल, दातवण, बिस्किटाचे डबे, ताकदीची औषधं. सगळ्याला लेबलं पायजेत, जुनी दिसणारी."

लालासाब उंबऱ्यातून उठले ते आजतागायत बसले नाहीत. नावं त्यांची, मजकूर त्यांचा. जुळवलेल्या खिळ्यांवर शाई लावून हातानंच दाबून छापलेला कागद चहात बुडवायचा आणि मंद आचेवर तव्यात वाळवायचा, की शंभर वर्षं एका दुपारी होतात. तवा अर्थात चाँदबीचा. दोन वर्षं घरातल्या भाकरीला जळक्या चहाचा वास होता. फडताळात हळदीचा डबा शोधायला जावं तर हाताला 'बादशाही केशसंजीवनी' लागायची. सुहानाचे वडील इचलकरंजीहून लेकीला भेटायला आले, तेव्हा समोरच्या डब्यातलं बिस्कीट त्यांनी आपल्या हातानं उचललं. प्लास्टर ऑफ पॅरिसचं होतं. दात गेला, सोयरीक कशीबशी वाचली.

त्या सगळ्या मालात जीवनरसायन ही लालासाबांची सर्वांत लाडकी वस्तू. बाटली हिरवी, बुचावर लाख, आणि लेबलावर लंडनच्या डॉक्टर पिकफर्डसाहेबाचं चित्र. हा पिकफर्ड म्हणजे चाँदबीचे वडील. कागलला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्या फोटोला लालासाबांनी गालभर कल्ले काढले आणि गळ्यात टाय घातला.

"जन्मभर पंक्चर काढलं माझ्या बापानं," चाँदबी तेव्हाही भांडली होती. "मेल्यावर त्याला गोरा केलासा व्हय?"

"मान वाढवला की त्यांचा."

चित्राखाली रिकामी जागा उरली. आदर्श फोनवर म्हणाला, "काय पण भरा चाचा. बारीक अक्षर कॅमेऱ्याला वाचता येत न्हाय." पण एकतीस वर्षांच्या जुळाऱ्याला अर्थाशिवाय ओळ भरता येत नाही. लालासाबांनी कान बोळाकडं लावले आणि जे ऐकू येईल ते जुन्या थाटात जुळवत गेले. 'हें रसायन खालील विकारांवर अक्सीर आहे,' असं वर, आणि खाली यादी. बाटलीत काय भरायचं हाही प्रश्न होता, कारण मालिकेतल्या सासूला ते खरंच प्यायचं होतं. गुळाचं दाट पाणी, बडीशेप, दोन लवंगा. रंग अगदी औषधाचा आला.

मालिकेत ती सासू अकरा भाग अंथरुणाला खिळून होती. बाराव्या भागात तिला चमचाभर जीवनरसायन मिळालं आणि ती उठून सुनेला बोलायला लागली. बाटली पडद्यावर चांगली चार सेकंद दिसली. बोळातल्या कुणीतरी मोबाईलवर ते चित्र थांबवलं आणि दोन बोटांनी मोठं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या माडीवरची तानाबाई दारात उभी. "भाभी," ती म्हणाली, "माझा गुडघा टीव्हीत आलाय."

खरंच आला होता. 'जिना उतरतेवेळीं उजवा गुडघा कुईकुई वाजणें.' पाठोपाठ निवृत्त तलाठी गणपतराव आले, 'जेवणानंतर मोजून अकरा उचक्या लागणें' घेऊन. ज्याचा त्याचा आजार, ज्याच्या त्याच्या तपशिलासकट, दीडशे वर्षांपूर्वीच्या विलायती डॉक्टरला ठाऊक होता! 'शेजारणीचा आवाज कानीं पडतांच मस्तक उठणें' ही ओळ मात्र बोळातल्या सात बायांनी आपली म्हणून सांगितली आणि सातही जणींनी शेजारणीचं नाव सांगायचं टाळलं.

लालासाबांनी सगळ्यांना खरं सांगितलं. लेबल मी जुळवलंय, आत गूळ आहे, डॉक्टर म्हणजे माझा सासरा. लोक हसले. "गुपित फोडायचं नसतंय, लालाभाई, कळतंय आम्हास्नी," म्हणाले आणि बाटल्या घेऊन गेले.

आणि बरे झाले. तिसऱ्या दिवशी तानाबाई जिन्यावरून पळत उतरली. चाँदबीला माहीत होतं की त्याच आठवड्यात माडीवरची मोटर दुरुस्त झाली होती आणि तानाबाईनं कळशा घेऊन जिना चढणं बंद केलं होतं. गणपतरावांना नवी कवळी बसली होती, त्यामुळं घास सावकाश चावावा लागत होता. पण कळशी आणि कवळीवर कोण विश्वास ठेवणार? त्यांच्यावर छापलेलं काही नव्हतं.

इतके लोक बरे झालेले पाहिल्यावर लालासाब विचारात पडले. एका रात्री जेवल्यावर त्यांनी चमचाभर घेतलं. मग दोन चमचे. आता सकाळ-संध्याकाळ अर्धा पेला चालू होता, आणि गोळ्या 'ञ'च्या खणात.

"उद्या सकाळी रक्त तपासायला जायचं," चाँदबीनं पट्ट्या गोळा करत सांगितलं. "थोरल्या दवाखान्यात. उपाशीपोटी."

"उद्या कसं जमंल? सात वाजता गाडी येणार हाय." लालासाबांचा चेहरा उजळला. "दुकानदार म्हणून मलाच उभा करणार हायत. आदर्शचा फोन आलता. टोपी, कोट, सगळं देणार म्हणं."

एवढ्यात तानाबाई रिकामी बाटली घेऊन आत आली. दार उघडंच होतं आणि भांडण तिनं पहिल्यापासून ऐकलं होतं, त्यामुळं विचारपूस करायची गरज पडली नाही.

"भाभी, नावं ठेवू नकासा औषधाला. लाखातला माणूस हाय तुमचा. माझ्या गुडघ्याला विचारा की!"

"तुमच्या गुडघ्याशी माझं भांडण न्हाय, तानाक्का. आणा ती बाटली."

चाँदबीनं बाटली घेतली, नवऱ्याचं छापखान्यातलं भिंग घेतलं आणि दिव्याखाली उभी राहिली. हे लेबल तिनं आजवर वाचलं नव्हतं. तव्यावरून उचलून फेकण्यापलीकडं तिचा त्याच्याशी संबंध नव्हता.

"बघू या, कुणाकुणाची दुखणी चोरलीत ते. 'पहांटे शिंकांची माळ लागणें.'"

"आमचा धाकटा दीर," तानाबाई अभिमानानं म्हणाली.

"'गाडीवरून उतरतां कंबर धरणें.'"

"माझी," तोहिद पुटपुटला.

"'माहेरचा फोन येऊन गेल्यावर दोन दिवस अन्न गोड न लागणें.'"

आत सुहानाचा भाकरी थापायचा आवाज क्षणभर थांबला, पुन्हा सुरू झाला.

चाँदबी खाली खाली येत गेली. तिची स्वतःची पित्ताची उबळ होती, ती तिनं मनातल्या मनात वाचून सोडली. शेवटची ओळ बाटलीच्या कडेला वळून गेली होती. बाटली फिरवून तिनं वाचलं, "'डाव्या पायाचा अंगठा बधिर होऊन, विंचू डसला तरी न समजणें.'"

तिनं भिंग खाली केलं.

"हे कुणाचं?"

"आमच्यात न्हाय बाई असलं कुणाला," तानाबाई म्हणाली. "गणपतरावाचंबी न्हाय. असतं तर सांगितल्याबिगर ऱ्हायला असता व्हय त्यो?"

"अवो, मी विचारतेय. हे कुणाचं?"

"जागा उरलीती," लालासाब म्हणाले. "एक ओळ कमी पडत हुती. भरली झालं."

चाँदबीनं बत्तीस वर्षं या माणसाचा संसार केला होता. मलकापूरला त्यांच्या थोरल्या भावाचा, मेहबूबभाईंचा, पाय साखरेच्या दुखण्यापायी गुडघ्याखाली कापला, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर हाच माणूस चार तास बसून होता आणि आत मात्र गेला नव्हता. त्याविषयी ते नंतर कधी बोलले नाहीत. अलीकडं चप्पल निसटून मागं राहिली तरी पुढं चालत जायचे, तिला वाटायचं डोकं खिळ्यांत आहे.

तिनं भिंग आणि बाटली खाली ठेवली. चुलीपाशी जाऊन भाकरीचा चिमटा घेतला आणि खाली सांडलेलं काहीतरी उचलायचं निमित्त करून कॉटपाशी उकिडवी बसली.

लालासाबांना वाटलं, विषय संपला. ते तोहिदकडं वळले. "आणि पदकाचं बघितलंस का लेबलावर? एक लंडनचं, एक कलकत्त्याचं. मधी राणीचा शिक्का. आदर्श म्हणत हुता, चाचा, असलं काम पुण्या-मुंबईत..."

चाँदबीनं डाव्या पायाचा अंगठा चिमट्यात धरला आणि दाबला. आधी बेतानं, मग जोरात, मग भाकरी उलटताना दाबतात त्याहून जोरात.

"...हुणार न्हाय. तिथं सगळं संगणकावर. खिळ्याची दाब कागदावर उमटती, ती त्येंच्यात कुठली? बोट फिरवलं की लागली पायजे. आता 'नकली मालापासून सावध राहावें' हे मी मुद्दाम ठळक घेतलं, कारण..."

तोहिद वडिलांच्या तोंडाकडं बघत नव्हता. तानाबाई पदर तोंडाशी धरून खाली बघत होती. सुहाना पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली, तीही खालीच बघत होती. लालासाब बोलायचे थांबले. त्यांनी सगळ्यांची नजर जिथं होती तिथं बघितलं, आणि आपला पाय आणि आपल्या बायकोच्या हातातला चिमटा एकदमच दिसला.

"दुखतंय की," ते घाईनं म्हणाले.

"आता?" चाँदबीनं विचारलं. चिमट्याची पकड तिनं केव्हाच सोडली होती. अंगठ्यावर दोन पांढऱ्या रेघा उमटलेल्या होत्या आणि त्यांच्याखाली, बोटाच्या बेचक्यात, बऱ्यापैकी जुनी जखम होती. ती कशाची, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"कवापासनं?"

लालासाबांनी पाय कॉटवर ओढून घेतला. "मेहबूबभाईचं बी अंगठ्यापासनंच..." एवढंच म्हणाले.

"मग मला सांगायचं सोडून सगळ्या म्हाराष्ट्राला टीव्हीत सांगितलंसा," चाँदबी म्हणाली.

तानाबाईनं बाटलीकडं हात पुढं केला होता, तो मागं घेतला.

चाँदबी उठली. कॉटखालची लालासाबांची भरलेली बाटली मोरीत उपडी केली. गुळाच्या पाण्याला जायला वेळ लागला. मग पदराला हात पुसत ती खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"उद्या सकाळी सात वाजता मी आणि हे थोरल्या दवाखान्यात जातोय, पाय दाखवायला. ठेवून घेतलं तर मी तिथंच ऱ्हाणार. शूटिंगची गाडी आली की तोहिद जाईल, कोट आणि टोपी घालून, आणि शोरूमला रजा सांगंल. तानाक्का, बोळात सांगा, उद्यापासनं आमच्यात औषध मिळत न्हाय. सुहाना, तव्यावरचे कागद चुलीत घाल आणि भाकरी टाक."