पिंजऱ्याच्या तळाशी अध्यक्ष

गिनिपिगना उंचीचं काडीचंही कौतुक नसतं, हे मला तीन मजली पिंजरा घरी आणल्यावर कळलं.

तो मी आमच्या वस्तीतून शिकागोला निघालेल्या एका कुटुंबाकडून उचलला. सामानाचा ट्रक दारात उभा असताना कोणी घासाघीस करत बसत नाही, म्हणून मी मुद्दाम ट्रक येईपर्यंत थांबले. आत जिने होते, गच्ची होती, वर एक झोपाळा होता. अमेरिकेत आल्यावर आम्ही ज्या घरात राहिलो, ते याच्यापुढे खुराडं होतं.

गिनिपिग मात्र मी विकत घेतले नव्हते, आणि तिथेच सगळी गोची होती. लोकांनी टाकून दिलेल्या गिनिपिगना घरं शोधून देणाऱ्या एका अमेरिकन बाईंनी दोन गिनिपिग आमच्याकडे चाचणीवर ठेवले होते, सोबत स्वतःची घडीची जाळी दिली होती. शनिवारी त्या येऊन आमचा पिंजरा बघणार होत्या. पसंत पडला तर गिनिपिग माझ्या बारा वर्षांच्या मुलीचे, नाहीतर त्याच गाडीतून परत. मुलगी रोज त्यांच्याशेजारी गालिच्यावर झोपत होती, पण त्यांची नावं तिने अजून ठरवली नव्हती. शनिवारनंतर ठरवीन म्हणाली.

मी बाईंना तीन मजल्यांचा फोटो पाठवला. उत्तर आलं की पिंजरा फार सुंदर आहे, पण चालणार नाही. गिनिपिग चढत नाहीत, जिन्यावरून पडतात, जाळीच्या तळाने त्यांचे तळवे सोलवटतात. त्यांना सपाट, मोकळी जमीन लागते, निदान दोन फूट बाय चार. मी फोन लावला. तिन्ही मजल्यांची बेरीज करा म्हटलं. त्या म्हणाल्या, मजल्यांची बेरीज होत नसते, प्राणी धावतो एकाच मजल्यावर. मग दोघं पाळीपाळीने धावतील, मी म्हटलं. शेवटी मी साडेतीन फुटांवर आले, तर त्या गोड आवाजात म्हणाल्या की चार, आणि पाच झाले तर आणखी छान. मी दर वेळी एक पायरी खाली येत होते आणि बाई एक पायरी वर जात होत्या. दुकानदाराला काहीतरी विकायचं असतं, म्हणून त्याला वाकवता येतं. या बाईंना काही विकायचंच नव्हतं.

मी टेप घेऊन दुकानांत गेले. खोक्यावर दोन हसऱ्या गिनिपिगचं चित्र. आतला पिंजरा असा, की एकाला पाणी प्यायचं तर दुसऱ्याने श्वास रोखून धरावा. मग मुलीने इंटरनेटवर शोधलं की फडताळांसाठी मिळणाऱ्या चौकोनी जाळ्या एकमेकींना जोडून पिंजरा करतात, आणि तळाला नालीदार प्लॅस्टिकचा पत्रा दुमडून ट्रे करतात. घरविक्रीच्या पाट्या छापतात ना लॉनवर लावायला, तोच पत्रा. जाळ्या माझ्या केटरिंगच्या किचनमध्ये होत्या. पत्रा गॅरेजमध्ये होता.

त्या पत्र्याची गोष्ट सांगायलाच हवी. मी या देशात कोणाची तरी बायको म्हणून आले, काम करायची परवानगी नसलेली. परवानगी आल्यावर डब्यांपासून सुरुवात केली. आता माझं किचन आहे, दोन व्हॅन आहेत, आणि मला कोणी उपकार म्हणून काही दिलेलं नाही. मागच्या गणपतीत इथल्या मराठी मंडळाचे मोदक आणि महाप्रसाद मी नफा न घेता केला. मंडळाचे अध्यक्ष आमच्याच रस्त्यावर राहणारे, निवृत्त डॉक्टर. दारातल्या मोठ्या पाटीवर तुमच्या किचनचं नाव घालू, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं होतं. पाटी आली. त्यांचा हसरा फोटो, डोकं परातीएवढं. खाली घरं विकणाऱ्या रिअल्टरचं नाव, दातांच्या डॉक्टरचं नाव, टॅक्सवाल्याचं नाव, आणि शेवटी ‘इतर हितचिंतक’. इतर म्हणजे मी. आरतीच्या आधी स्टेजजवळ माझा आवाज चढला, तर ते शांतपणे म्हणाले, “अहो ताई, देवाच्या कामात नाव कशाला?”

हे ते स्वतःच्या फोटोखाली उभं राहून म्हणाले.

विसर्जनानंतर पाटी कचऱ्याच्या डब्याला टेकून ठेवलेली दिसली आणि मी ती घरी आणली. का, ते तेव्हा माहीत नव्हतं. आता कळलं. वरचं गणपतीचं चित्र मी आधी नीट कापून देवघरामागे ठेवलं. तेवढी अक्कल मला आहे. उरलेला पत्रा दुमडला. छापील बाजू आत घेतली, कारण कोरी पांढरी बाजू बाहेरून सोफ्याला शोभत होती. कारण विचारलं तर हेच सांगायचं ठरवलं. गिनिपिग जिथे गवत खातात तिथेच बाकी सगळं उरकतात, हे मी वाचलं होतं. गवताची टोपली मी फोटोच्या कोपऱ्यात टांगली.

“आई, दॅट्स सो मीन,” मुलगी म्हणाली आणि सगळ्यावर तिने मऊ फ्लीसचं कापड अंथरलं.

शनिवारी बाई आल्या. टेप काढली, मोजलं, मान डोलावली. खिडकीचं ऊन येत नाही, एसीचा झोत लागत नाही, पसंत. मग विचारलं, तुम्ही भारतात गेलात की यांना कोण सांभाळणार? मी काहीतरी ठोकून द्यायच्या आत मुलगी म्हणाली की तिने डॉक्टर काकांना, म्हणजे अध्यक्षांनाच, विचारलंय, ते दिवसभर घरीच असतात. आणि बेल वाजली.

काका आले ते परसातल्या कोथिंबिरीची पिशवी घेऊन. पिशवी सळसळली मात्र, दोन्ही गिनिपिग शिट्ट्या मारत सुटले, कापड लोटत, गुंडाळत. कोपऱ्यात काका उघडे पडले. कपाळावर लेंड्या, डाव्या गालावर ओलं गवत.

ते वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले.

“हा मी का?”

“तुम्हीच.”

बाईंनी मुलीला विचारलं, काही अडचण आहे का. मुलगी इंग्रजीत म्हणाली की नाही, ते फक्त खाण्याच्या वेळा ठरवताहेत.

“मला मुताचं काही नाही, ताई,” काका म्हणाले. “मूत्रविकाराचा डॉक्टर होतो, आयुष्य त्यातच गेलं. पण तोंडावर?”

“पाटीवर माझं नाव.”

“बरं, यंदा घालू.”

“पहिल्या ओळीत.”

“पहिली रिअल्टरची. दुसरी देतो, ठळक अक्षरात. पण हा पत्रा आज उलटा करायचा.”

“पाटी छापून आली की करते.”

“आज. नाहीतर मी या बाईंना सांगतो, मला जमणार नाही.”

जमणार नाही म्हणणाऱ्या माणसाला मी दारापर्यंत जाऊ देते. दारातून तो परत येतो, हा माझा अनुभव. मी दाराची वाट सोडून बाजूला झाले. मग मुलीकडे लक्ष गेलं. जाळी दोन्ही हातांनी धरून काकांकडे बघत होती, बोटं पांढरी पडलेली.

“आज करते उलटा,” मी म्हटलं. हातात काही पडलं नसताना सौदा सोडला, तो आयुष्यात एवढाच.

काका लगेच बाईंकडे वळले आणि आपल्याला प्राण्यांची किती आवड आहे ते सांगू लागले. बाईंनी आपली घडीची जाळी गाडीत टाकली आणि गिनिपिग न घेताच गेल्या. रात्री जेवताना मुलीने नावं जाहीर केली.

उलटलेला पत्रा गिनिपिगनी गणपती येईपर्यंत कडेने कुरतडून टाकला. नवा लागणार होता, आणि यंदाच्या गणपतीची पाटी मी त्याच नजरेने बघायला गेले. नाव होतं. ठळक होतं, दिल्या शब्दाप्रमाणे. फक्त ते दुसऱ्या ओळीत नव्हतं. काकांच्या हनुवटीला चिकटून होतं, मधून ब्लेडसुद्धा जाणार नाही इतकं. त्यांच्यावर जे पडेल ते माझ्यावर पडणार.

मोदकांच्या रांगेत ते हसत पुढे आले. “ताई, कापायला जागा ठेवली नाही हां यंदा.”

मी त्यांना एक मोदक वाढला. दुसऱ्यासाठी पुन्हा रांगेत उभं केलं.