थंडी चुकवायला निघालेली नणंद

सगळं जग थंडीला कंटाळून गोव्याला येतं. गोव्याच्या थंडीला कंटाळून जगात निघालेली बाई मात्र आजवर एकच झाली असेल, आणि ती नेमकी माझी नणंद होती. आमच्या डिचोलीची थंडी ती काय! डिसेंबरात पहाटे केळीच्या पानांवरून दव ठिबकतं, नदीकडून थोडं धुकं वर येतं आणि पोदेर पाव घेऊन दारात येईपर्यंत अंगणात ऊन पसरलेलंही असतं. एवढ्या थंडीत माणसाला जरा बरं वाटतं, चहा दुसऱ्यांदा घ्यावासा वाटतो, इतकंच. ही नणंद, म्हणजे ताय, मात्र दिवाळी सरली की दोन स्वेटर एकावर एक चढवायची, डोक्याला माकडटोपी, पायांत मोजे आणि त्यावर नर्सचे पांढरे बूट, आणि या थाटात बाजारात मासळी आणायला निघायची. मासळीवाल्या बायका घामानं निथळत असायच्या, आणि ही त्यांना विचारायची, तुम्हाला शीं कशी जात नाही? शीं म्हणजे थंडी. गोव्यात ती वाजत नाही, जाते.

ताय खाणीच्या दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नव्हतं. त्याला वेळ मिळाला नाही, असं ती सांगायची. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूसासरे नव्हतेच. धाकटा भाऊ आणि ती, एवढंच कुटुंब होतं, आणि सासू म्हणून जे काही माझ्या वाट्याला यायचं ते तिच्याकडूनच आलं. कुणाकडे गेली की नमस्काराच्या आधी ती समोरच्याच्या कपाळाला हात लावायची. ताप नसला तर तिचा थोडा हिरमोड व्हायचा. घरात ती सगळं उकळून घ्यायची, पाणी, दूध, सुऱ्या, चमचे; एकदा माझ्या मुलीची रबरी बाहुली उकळली आणि ती बाहुली पुढं कायम एका कुशीवर झोपल्यासारखी दिसायची. माणसांशी ती कोकणीत बोलायची, देवाशी मराठीत, आणि रागावली म्हणजे दवाखान्यातल्या डॉक्टरसारखी इंग्रजीत. तीत तिला फक्त औषधांची नावं यायची. त्यामुळे ती चिडली की समोरच्याला आपल्याला काहीतरी मोठं दुखणं झालं आहे असंच वाटायचं.

माझे यजमान गेले ते हिवाळ्यातच, एका दुपारी, काही ध्यानीमनी नसताना. मुलगी तेव्हा लग्न होऊन फोंड्याला गेली होती. घरात उरलो आम्ही दोघी. पुढच्या वर्षी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी ताय निवृत्त झाली. ती म्हणायची, राज्य मोकळं झालं तशी मीही झाले. पण ती मोकळी झाल्यासारखी दिसत नव्हती. सकाळी सवयीनं पांढरी साडी नेसून तयार व्हायची आणि मग कुठं जायचं ते न सुचून जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, उभी राहायची. थंडी सुरू झाली ती तेव्हापासून. त्याआधी कार्तिकात पहाटे विहिरीच्या गार पाण्यानं अंघोळ करणारी बाई ही. आता ती तापाचा थर्मामीटर जनेलाबाहेर धरून हवा किती उतरली ते बघायची. पारा जागचा हलायचा नाही, आणि तेवढ्यावरून ती म्हणायची, बघ, हवेत जीवच नाही.

घर मोठं होतं आणि आम्ही दोघी त्यात एकमेकींना चुकवत फिरायचो. भांडण मुळीच नव्हतं. फक्त माझ्या यजमानांचं नाव कुणी काढायचं नाही, असं न ठरवताच ठरलं होतं. ती मागच्या पडवीत असली की मी पुढच्या खोलीत. रेडिओ दिवसभर चालू असायचा आणि बातम्या दोघींपैकी कुणीच ऐकत नसायची.

अशात एकदा आम्ही पेडण्याला एका लग्नाला गेलो आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या पाहुण्यांनी आम्हाला हरमलचा समुद्र दाखवायला नेलं. माडांखाली एक मोटार उभी होती, तिला पडदे होते, बाहेर दोरीवर कपडे वाळत होते, आणि एक गोरी म्हातारी स्टोव्हवर अंडी तळत होती. शेजारी तिचा नवरा उघडाबंब बसून बटाटे सोलत होता. तायनं आधी दोघांच्या कपाळाला हात लावला. मग खुणांनी, हातवाऱ्यांनी आणि औषधांच्या नावांनी त्यांचं काहीतरी बोलणं झालं. आम्ही बसनं परत निघालो. डिचोली जवळ आल्यावर तिनं मला सांगितलं, की त्यांच्या देशात थंडी पडली की ती दोघं घर गाडीत भरतात आणि ऊन असेल तिथं येऊन राहतात. त्यांना त्यांची थंडी चुकवता येते तर मला माझी का नाही?

मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. पण त्याच महिन्यात खाणीच्या दवाखान्याची जुनी रुग्णवाहिका मोडीत निघाली आणि तायनं ती घेतली. गाडी यायच्या आधी तिनं अंगणात रांगोळीनं गाडीएवढा चौकोन आखला आणि त्यात राहण्याचा सराव सुरू केला. इथं स्टोव्ह, इथं पाण्याची कळशी, इथं तू, इथं मी. त्या रेषेबाहेर पाय पडला की ती मला म्हणायची, पडलीस रस्त्यावर. सकाळी शेजारीपाजारी जाताना बघत असत, की अख्खं घर रिकामं टाकून दोन प्रौढ बायका अंगणात गुडघे जवळ घेऊन चहा पीत बसल्यात. मी शरमेनं मान खाली घालायची. ताय त्यांना हात करून सांगायची, की आम्ही प्रवासात आहोत.

मग गाडी आली, आणि ती दारात लागताच आळीतली माणसं चेहरे पाडून आमच्याकडे जमली. कोण, मी की ताय, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तायनं गाडीला पिवळा रंग दिला. पण पहिल्याच पावसात आतला तांबडा क्रॉस रंगातून वर आला आणि पुन्हा कितीही रंग दिला तरी तो येतच राहिला. डावीकडे वळताना भोंगा आपोआप वाजायचा. सुताराकडून तिनं आत दोन फळ्या बसवून घेतल्या, आणि कुठल्या फळीवर कोण झोपणार हे मला न विचारताच ठरवलं. मी येणार नाही, असं माझं तोवर चार वेळा सांगून झालं होतं. ती ऐकायची आणि माझ्या फळीची लांबी पुन्हा मोजायची.

गाडी शिकवायला तिनं दवाखान्याचा जुना ड्रायव्हर गाठला. हा मूळचा सावंतवाडीकडचा, बोलणं सगळं मालवणी. खाणीच्या मातीच्या ढिगांमागच्या मोकळ्या जागेत तो तिला रोज सकाळी शिकवायचा आणि परत आला की आमच्या ओट्यावर निमूट बसून राहायचा. एकदा मी त्याला विचारलं, कसं काय जमतंय? तो म्हणाला, "बाईनू, सिस्टर गाडी बरी चलयतत. फक्त समोर कोण इलो तर तेका थांबवून तब्येत इचारतत." परवान्याच्या परीक्षेला जो अधिकारी आला त्याला तायनं तो शाळेत असताना इंजेक्शनं दिली होती. त्याला पाहताच तिनं दंड कसा आहे म्हणून विचारलं. तो गाडीत बसलाच नाही, लांब उभं राहूनच पुरे म्हणाला.

आमोण्याहून आमचे एक चुलत दीर तिची समजूत घालायला आले. दोघी विधवा-कुमारिका बायका, सोबत पुरुष नाही, लोक काय म्हणतील, असं त्यांनी पडवीत बसून नीट मांडलं. तायनं सगळं ऐकून घेतलं आणि बोलता बोलता त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब बघितला. तो वाढलेला निघाला. भावोजी आले होते आम्हाला थांबवायला, ते गेले मीठ सोडायचं वचन देऊन.

जायचं कुठं, हा प्रश्न तिनं नकाशापेक्षा माणसांना विचारून सोडवला. जो भेटेल त्याला ती विचारायची, की डिसेंबरात पंखा लागतो असं गाव कुठलं? कुणी मद्रास सांगितलं, कुणी त्याच्याही खाली. शेवटी ठरलं, की समुद्र उजव्या हाताला ठेवून जात राहायचं; जमीन संपली की वळायचं, आणि घाम आला की थांबायचं. त्या बेताला दोन हिवाळे गेले. पहिल्या वर्षी गाडीचं इंजिन बसलं, दुसऱ्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी तायच मागं सरली. म्हणाली, तुझ्याशिवाय नको. त्या हिवाळ्यात ती स्वेटर घालून अंगणातल्या गाडीत जाऊन बसायची, दार लावून. मी जेवायला हाक मारली की खाली यायची. मला कळत होतं, की ती घरात बसू शकत नाही. मलाही घरात बसवत नव्हतंच. फक्त मला गाडी नव्हती.

तिसऱ्या हिवाळ्यात मीच उकडे तांदूळ आणि सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी, बांधून गाडीत ठेवली. तायनं ते गाठोडं माझ्या फळीखाली सरकवलं. नार्व्याला जाऊन सप्तकोटेश्वराच्या पायऱ्यांशी नारळ ठेवला आणि निघालो.

ती गाडी दुसऱ्या गिअरच्या वर फारशी गेली नाही. आमच्या मागं ट्रकांची रांग लागायची, आणि मध्येच भोंगा वाजला की पुढची सगळी वाहनं बाजूला होऊन आम्हाला वाट द्यायची. कारवारपुढं एका गावात पोलिसानं अख्खा चौक अडवून आम्हाला सोडलं. तायनं जाता जाता त्याला हात जोडले, मी फळीवर आडवी होऊन आजारी असल्यासारखी पडून राहिले. जिथं थांबू तिथं तो पुसट क्रॉस बघून कुणी ना कुणी यायचंच. भाषा कळत नसे, पण जखम आणि खोकला कळायचा. ताय मलमपट्टी करायची, कपाळाला हात लावायची, आणि माणसं आम्हाला केळी देऊन जायची. होन्नावर गेलं, मंगळूर गेलं, पुढं सगळं केरळ हिरवंगार मागं पडलं. एकेक स्वेटर उतरत गेला.

जमीन संपून वळल्यावर, कोळ्यांच्या एका वाडीजवळ, मिठागरांच्या पलीकडे आम्हाला घाम आला. डिसेंबर चालू होता आणि वाळू तापलेली होती. गाडी उभी करून आम्ही मागचं दार उघडलं आणि पाय बाहेर सोडून बसलो. संध्याकाळ व्हायची होती. स्टोव्हवर भात ठेवला होता. तायनं पदरानं मान पुसली आणि समुद्राकडे बघतच विचारलं,

"तो निमणें कितें उलयलो गे?"

शेवटी तो काय बोलला. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं भावाचा विषय काढला. त्या दिवशी ती कारापूरला एका अडलेल्या बाळंतपणाला गेली होती, आणि ती घरी पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उशाशी बसलेली ही बाई आपल्या भावाजवळ नव्हती, आणि काय झालं ते तिनं मला कधी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. विचारल्याशिवाय सांगावं असं त्यात काही नव्हतं.

मी म्हटलं, "मी पान वाढायला घेतलं होतं. ते म्हणाले, ताय येऊं दी, मागीर जेवया. मग भिंतीला टेकले. तेवढंच." ताय आली की मग जेवू, एवढंच ते म्हणाले होते.

कोळ्यांची एक होडी वाळूवर ओढली जात होती, माणसं एका सुरात काहीतरी म्हणत होती. मग तिनं विचारलं, "जेवण कितें आशिल्लें?"

"मुगागाठी. आणि बांगडे तळले होते."

"म्हजें दवरिल्लें?"

"झाकून ठेवलं होतं तुमच्या पानावर," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग आत जाऊन भात बघितला, शिजला होता. त्या संध्याकाळी आम्ही पोटभर जेवलो, आणि अंधार पडेपर्यंत फक्त त्यांच्याबद्दल बोललो. त्यांना गाडी लागायची, ते या सफरीत पहिल्याच वळणाला ओकले असते, असं ताय म्हणाली आणि हसता हसता रडली.

पुढं आणखी दोन हिवाळे आम्ही गेलो. मग तिची नजर अधू झाली आणि गाडी डिचोलीच्या बसस्टँडजवळ एका ऑम्लेट-पाववाल्याला दिली. ताय जाऊन आता बरीच वर्षं झाली. डिसेंबरात पहाटे दव पडतं, धुकं येतं, ऊन पडतं. थंडी काही फारशी नसते. दुपारी भात उतरवून मी एकटीच बसलेली असते. कुणी यायचं नसतं. तरी मी पान वाढून घ्यायला जरा उशीर करते.