कामेरकरबाईंचा संशय

डॉ. वत्सला कामेरकर यांची आणि माझी पहिली भेट एका प्रश्नाने झाली. नवी मुंबईतील आमचे वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. मी साताऱ्याहून आलेली, शरीरक्रियाशास्त्राची नवी अधिव्याख्याती. ओळख करून घ्यावी म्हणून शरीररचना विभागात गेले, तर बाईंनी चहाचा कप पुढे करत विचारले, "हृदय कुठे असतं?"

"डावीकडे," मी घाईने म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

त्या मला विच्छेदनगृहात घेऊन गेल्या. टेबलावरच्या देहाला त्यांनी आधी हात जोडले. मग छातीच्या जवळजवळ मधोमध, दोन फुप्फुसांच्या बेचक्यात तिरपे पहुडलेले हृदय दाखवले. "टोक डावीकडे झुकलंय म्हणून ठोका तिथे लागतो. लागतो तिथेच सगळं असतं, असं धरून चालू नका."

बाईंना पुस्तकातल्या रंगीत आकृत्यांचाही संशय. हृदयाची उजवी बाजू निळी आणि डावी तांबडी पाहून शिकलेली मुले शिरेत निळे रक्त शोधतात, असे त्या म्हणत. मला विषमज्वर झाला तेव्हा बाई सानपाड्याच्या आमच्या घरी मऊभात घेऊन आल्या, आणि भात माझ्या हाती देऊन थेट गच्चीवर गेल्या. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचे झाकण त्यांनी स्वतः उचलून पाहिले. त्याच दिवशी टाकी धुतली गेली. सेक्रेटरी अजून त्यांना पाहिले की वाट बदलतात.

परंतु बाईंच्या संशयाची खरी किंमत मला बाळारामदादांच्या घरी कळली.

कोपरखैरण्याजवळच्या एका जुन्या आगरी गावातील शाळेत आम्ही आरोग्य तपासणीला गेलो होतो. तिसरीतल्या हर्षला नावाच्या मुलीच्या छातीत आमच्या बालरोगतज्ज्ञांना वेगळा आवाज ऐकू आला. इस्पितळात नेऊन तपासले तेव्हा निदान झाले: हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात भोक आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल. हर्षलाचे वडील बाळारामदादा खाडीवर मासेमारी करत. त्यांची शेती नव्या शहरासाठी सरकारने घेतली होती. ते ऐकून घेत होते, पण नजर सारखी आमच्या चेहऱ्यांवर होती.

"भोक कोनी बगितला? तुमी बगितला?" ते म्हणाले. "आमची जमीन घेतली तवा पन असेच कागद दाखवले. पोर उड्या मारते नि तुमी बोलता कालजाला भोक."

गावात कुजबुज होतीच. कॉलेजात माणसे कापतात, चांगली काळजे काढून विकतात, असे बायका एकमेकींना सांगत. बाळारामदादा मुलीला घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. आमचे बालरोगतज्ज्ञ वैतागले. बाई मात्र म्हणाल्या, "त्यांनी संशय घेतला यात त्यांचं काय चुकलं? आपण त्यांना काही दाखवलंच नाही."

त्यांनी दादांना निरोप धाडला: आम्ही घरी येतो, बकऱ्याचे काळीज, म्हणजे हृदय, आणून ठेवा, वरच्या शिरांसकट. आम्ही पोहोचलो तेव्हा ओटीवर परातीत काळीज होते आणि दाराशी निम्मे गाव.

"तुमी का नाय आनला?" बाळारामदादांनी विचारले.

"मी आणलं असतं तर भोक मीच पाडून आणलं म्हणाला असता. सुरीही तुमचीच द्या."

ते पहिल्यांदा किंचित हसले, पण सुरी देताना हात आखडताच होता.

बाईंनी काळीज हातात घेतले, सुरीने त्याचे कप्पे उघडले आणि सांगू लागल्या. "अंगभर फिरून दमलेलं रक्त या मोठ्या शिरांतून उजव्या वरच्या कप्प्यात येतं, तिथून खालच्या कप्प्यात, तिथून फुप्फुसात. फुप्फुसात हवा घेऊन ते डाव्या वरच्या कप्प्यात परततं, खाली उतरतं आणि या जाड भिंतीचा कप्पा ते पुन्हा अंगभर ढकलतो." त्यांनी दादांचे बोट धरून दोन्ही भिंतींवर फिरवले. उजवी पातळ, डावी जाड. "फुप्फुस शेजारीच आहे, तिथे ढकलायला फार जोर लागत नाही. पायाच्या अंगठ्यापर्यंत ढकलायचं तर लागतो."

मग खालच्या कप्प्यात पाणी भरून तो दाबला. आतल्या पातळ झडपा फुगून मिटल्या, पाणी वर चढले नाही.

"खाडी अडवणाऱ्या खारबांधाला उघाडीचं दार असतं ना? पाणी एकाच बाजूला सोडणारं? तसंच हे."

"आता भोक कुटं ते दाखवा," दादा म्हणाले.

"ते तुम्ही पाडा."

दादांनी वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात सुरीचे टोक घातले. बाईंनी डाव्या बाजूने पाणी ओतले. ते उजवीकडे झिरपले. मग हर्षलाच्या आईने विचारले, "मंग पोरीला कायच का होत नाय?"

"आज होत नाही. फुप्फुसातून आलेलं रक्त परत फुप्फुसातच जातंय. उजवी बाजू दुप्पट राबतेय. ती किती वर्षं राबेल?"

"नि यात तुमाला काय मिळतं?" दादांनी रोखून विचारले.

"काही नाही. पण विचारलंत ते बरं केलंत. आता आमच्या डॉक्टरांवरही विसंबू नका. मुंबईत दुसरीकडे तपासा, आधीचा रिपोर्ट न दाखवता."

बालरोगतज्ज्ञांना हे फार लागले. बाईंच्या मनात मात्र निराळीच शंका होती. भोक पडद्याच्या अगदी वरच्या टोकाला आहे, असे निदान होते. "इतक्या वर भोक असलं की शेजारची फुप्फुसाची शीर कुठे उघडते ते पाहावं लागतं," त्या मला म्हणाल्या. "विच्छेदनात मी ती भलतीकडे गेलेली पाहिली आहे." दादा मुलीला मुंबईला घेऊन निघाले, तेव्हा तेवढीच एक चिठ्ठी त्यांनी तिथल्या डॉक्टरांसाठी दिली. भोक तिथेही सापडले, आणि बाईंची शंकाही खरी निघाली. उजव्या फुप्फुसाची एक शीर चुकीच्या बाजूला उघडत होती. नुसते भोक बुजवले असते तर दोष अर्धा तसाच राहिला असता.

शस्त्रक्रियेच्या सकाळी बाळारामदादा दारातून हलेनात. "बाई, तुमी आत रावा. मना दुसऱ्या कोनाचा भरवसा नाय."

शल्यविशारदांनी परवानगी दिली. आयुष्यभर शेकडो हृदये हाताळलेल्या बाईंनी धडधडणारे उघडे हृदय कधी पाहिलेच नव्हते, हे मला त्या दिवशी समजले. दुपारी त्या बाहेर आल्या. त्या बाकावर दादांच्या शेजारी बसल्या.

"तिला यंत्रावर घेऊन काळीज थांबवलं होतं. भोक बुजवलं, शीर वळवली. मग ते आपलं आपण सुरू झालं. मी पाहिलं, दादा."

"देवाची आन?"

"आण कशाला? थोड्या वेळाने आत सोडतील. तिच्या मनगटाला हात लावून पाहा."

दादांनी पाहिले. बाहेर येऊन ते भिंतीकडे तोंड करून रडले. त्यानंतर आमच्या महाविद्यालयात देहदानाचा पहिला अर्ज त्या गावातून आला, तो त्यांचाच. मात्र सही करण्याआधी त्यांनी सगळे विच्छेदनगृह फिरून पाहिले.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाची बातमी मी दादांना सांगितली, तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "साठ झाली म्हनून सत्कार करता, म्हंजे बाईंना काढतात का?"

मी म्हणाले, "दादा, निवृत्तीचं वय झालंय."

"असं गोड बोलूनच काढतात," ते म्हणाले.

बाई, नियमापुढे आमचा इलाज नाही. पण विभागात आपली खुर्ची आणि पुढ्यात नवी मुले असतीलच. आपण रोज यावे, आमच्या प्रत्येक उत्तराला "कुणी सांगितलं?" म्हणून अडवावे, आणि तेवढे बळ आपल्या अंगात अनेक वर्षे राहावे. बाळारामदादांना मी तसा शब्द देऊन बसले आहे. त्यांचा त्यावर विश्वास नाही. खात्री करायला ते सोमवारी स्वतः येणार आहेत.