नंबॅट आणि कसर

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या तोंडी परीक्षेला चांदवडकर सर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत: नंबॅट आणि कसर यांची तुलना करा. एक ऑस्ट्रेलियातला दुर्मिळ प्राणी, कांगारूच्या जातकुळीतला पण पोटाला पिशवीच नसलेला. दुसरा घरोघरी ट्रंकेत सापडणारा चिमुकला पतंग. मुलं गांगरून जात. मग सरच उत्तर सांगत. "नंबॅटला जंगल लागतं, वाळवी लागते, शांतता लागते. कसरीला एक मफलर पुरतो. दुर्मिळ असणं हा मान नव्हे बाबांनो, ती हरायची तयारी आहे."

पेंढा भरलेला एक नंबॅट आमच्याकडे होता. कुणा जुन्या प्राचार्यांनी तो परदेशातून आणलेला. खारीहून मोठा, पाठीवर पांढरे पट्टे. नाशकात दुसरा नव्हता, आणि त्याच्याच जोरावर सरांनी प्राणिसंग्रहाची खोली टिकवली होती. नव्वदीच्या अखेरीस जो तो कॉम्प्युटर लॅब मागत होता आणि नव्या प्राचार्यांचा डोळा त्याच खोलीवर होता. "हा आहे तोवर खोली आहे," सर म्हणत.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे रंगकाम निघालं. नंबॅटवर चुना उडू नये म्हणून सरांनी घरून लोकरी शाल आणली. पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल मिळालेली. सत्काराची शाल कोण अंगावर घेतो? ती वर्षानुवर्षं ट्रंकेत पडून होती. मी तिथेच वनस्पतिशास्त्र शिकवायचो; मी थट्टा केली की नंबॅटचा सत्कार झाला, आता नारळ तेवढा राहिला. सर मनापासून हसले आणि त्यांनी त्याला नीट गुंडाळून कपाटात ठेवलं.

जूनमध्ये शाल सोडली तर केसांचे पुंजके हातात आले. पट्ट्यांच्या जागी तार आणि पेंढा दिसत होता. सरांनी शालीवरची एक अळी भिंगाखाली धरली. ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

मी म्हणालो, काचेआड ठेवू, लांबून कुणाला कळतंय. सरांनी भिंग खाली ठेवलं.

"पगारे, ही कसर माझ्या घरची आहे," ते म्हणाले. "मीच पांघरली त्याला."

त्याच दुपारी त्यांनी खोलीची किल्ली प्राचार्यांना नेऊन दिली. कुणी मागितली नव्हती.

निवृत्तीनंतर सर इंदिरानगरात राहायला गेले. कॉलेजकडे फिरकले नाहीत. ते गेले तेव्हा शोकसभा त्याच खोलीत झाली, कॉम्प्युटर भिंतीकडे सरकवून. त्यांच्या शिस्तीबद्दल सगळे चांगलं बोलले. इथे पूर्वी काय होतं हे मला सोडून तिथे कुणालाच माहीत नव्हतं. माझी बोलायची पाळी आली तेव्हा मलाही ते सांगवलं नाही.